ऑनलाइन पोकर, घरचा कॉम्प्युटर आणि आपण : अनुभव लिहा

रात्रपाळी
काल सकाळी चहा घेता घेता मेल आली, 'आपल्या खात्यात ३४१ रुपये शिल्लक आहेत, काढून घ्यावेत.' ज्या साइटवर मी २०१९ नंतर फिरकलो नव्हतो तिची. २२ ऑगस्ट २०२५ ला पैसे लावून ऑनलाइन खेळ बंद करणाऱ्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि साइटींनी पैशाचे डाव बंद केले, त्यामुळे जुनी खाती रिकामी करणं चाललंय. ३४१ रुपयांचं काही नाही, पण दिवसभर डोक्यात पुण्यातली, कर्वेनगरची ती खोली होती, जिथे मी खेळायचो.

खोली म्हणजे मागच्या बाल्कनीला खिडक्या लावून केलेली, सहा बाय आठ. चोवीस इंची मॉनिटर, कारण त्यावर पोकरची चार टेबलं एकमेकांवर न चढता बसायची. तपकीर गल्लीतून आणलेला यूपीएस टेबलाखाली. पावसाळ्यात खिडकीच्या फटीतून पाणी यायचं म्हणून त्याच्याखाली पाट. ऑफिसातून येऊन जेवलं की साडेनऊ ते बारा.

वही अजून आहे. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर पाच साइट आणि त्यांच्यापुढे रकाने : रेक (साइट डावातून स्वतःसाठी कापते ती रक्कम) किती, रात्री टेबलं किती वाजता भरतात, सॉफ्टवेअर अडकतं का, पैसे काढायला किती दिवस. बोनसचाही रकाना होता, तो पहिल्याच महिन्यात खोडला. बोनस हातात पडायला इतके डाव खेळावे लागायचे की त्याहून जास्त रेक आपणच भरलेला असायचा. रेक सगळीकडे साधारण ५ टक्के आणि वर मर्यादा. पण लहान टेबलावर पॉट, म्हणजे डावात जमलेली रक्कम, त्या मर्यादेपर्यंत पोचतच नाही, म्हणजे टक्क्यांत बघितलं तर लहान खेळणाराच जास्त देतो. हे कळायला मला वर्ष लागलं.

खरा रकाना शेवटचा. प्रत्येक ठिकाणी ५०० भरायचे, दोन-चार डाव खेळायचे आणि लगेच ३०० काढायला टाकायचे. भरणं सगळीकडे अर्ध्या मिनिटात. काढणं एकीकडे त्याच संध्याकाळी, दुसरीकडे तीन दिवस, आणि एकीकडे सतरा दिवस. त्यांनी पॅन कार्डाची सही केलेली प्रत तीनदा मागवली. बोनस सगळ्यात मोठा त्यांचाच होता. तिथे मी परत बसलो नाही.

तुम्ही कोणी खेळत होतात का? कुठे बसून, काय बघून साइट निवडायचात? घरचे काय म्हणायचे? जिंकलात की हरलात यापेक्षा ते वाचायला आवडेल.

गुळपोळी
वाचतेय. पण आधी एक. त्या मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका हं. मी बँकेत आहे, अशाच 'शिल्लक काढून घ्या' मेलवर ओटीपी देऊन बसलेले तीन जण माझ्याच काउंटरला आलेत. साइटचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा. कोणी फसलंच तर थांबू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन.

रात्रपाळी
पत्ता टाकूनच गेलो ताई. आले पैसे. पॅन परत मागितलं.

वाकडवाट
गुरुवार!!
कोणीच कसं लिहिलं नाही. पुण्यात गुरुवार म्हणजे महावितरणचं देखभालीचं काम म्हणून दुपारपर्यंत लाइट नाही. २०१६, सुट्टी टाकून टूर्नामेंटला बसलेलो, ६०० पैकी १९ उरलेले, मी चौथा. लाइट गेली. लॅपटॉप चालू पण राउटर बंद. मोबाइलचं हॉटस्पॉट लावेपर्यंत टाइम बँक (विचाराला मिळणारी जादा वेळ) संपली, हातातल्या दोन राण्या आपोआप फोल्ड, म्हणजे डाव सोडला. पूर्वी नेट गेलं की तुम्हाला जेवढे लावलेत तेवढ्यावर ऑल-इन, म्हणजे डावात शेवटपर्यंत, धरायची सोय होती म्हणे. लोक हरायला लागले की मुद्दाम वायर काढायचे, म्हणून ती गेली. परत आलो तेव्हा ब्लाइंडनी (आळीपाळीने सक्तीने लावायचे पैसे) अर्धे चिप्स खाल्लेले. तेरावा आलो. दुसऱ्याच दिवशी राउटरसाठी छोटा यूपीएस घेतला, तो आजही चालतोय, मुलांच्या ऑनलाइन क्लासला कामी आला.

टेकडीवरचा
राउटरचा यूपीएस कुठला? आमच्याकडे रोज दहा मिनिटं जाते.

वाकडवाट
१२ व्होल्टचा. राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट-अँपिअर लिहिलेलं असतं ते बघूनच घ्या, नाहीतर राउटर जळेल.

मोरपीस
मी खेळायचे. बायका लिहीत नाहीत म्हणून लिहितेय. हिंजवडीत नोकरी, बावधनला पीजी, २०१४ ते १७. पहिल्या आठवड्यात स्वतःच्या नावाने बसले तर चॅटमध्ये जे काही यायला लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चॅट बंद करायचं बटण कुठे आहे आणि तक्रारीला उत्तर येतं का, हा माझा साइट निवडायचा पहिला रकाना. दोन ठिकाणी उत्तरच नाही. तिसरीकडे तासाभरात त्या माणसाचं चॅट बंद केलं, मी तिथेच राहिले. नाव मात्र बदलून 'गणूकाका' ठेवलं. त्यानंतर एक शब्द कोणी बोललं नाही.

मला त्यातलं गणित फार आवडायचं, अजून आवडतं. सुरुवातीला हातात दोन पानं मिळतात, ती दोन्ही एक्के असायची शक्यता २२१ डावांत एकदा. समोर दोन राजे असले तरी ते एक्के शंभरातून साधारण १८ वेळा हरतात. हे १८ ज्याला मनापासून मान्य आहे तो शांत झोपतो. नाही त्याला वाटतं साइट पानं नीट पिसत नाही. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, कॉम्प्युटरवर एका टेबलाला साठच्या पुढे, आणि आपण उघडतो चार टेबलं. म्हणजे ते १८ टक्के प्रत्यक्ष टेबलापेक्षा कितीतरी लवकर भेटतात. भाचीला बारावीचं संभाव्यतेचं प्रकरण मी पत्त्यांवरच शिकवलं, पैसे न लावता, शेंगदाण्यांवर.

रात्रपाळी
मोरपीस, 'हे १८ ज्याला मान्य आहे' हे वाक्य वहीत लिहून घेतोय. मी 'पिसत नाही'वाल्यांत दीड वर्ष होतो.

पाचतीनदोन
आम्ही डेक्कनला चार जण एका फ्लॅटमध्ये एकच राउटर. मी हॉलमध्ये, रूममेट आत. एकमेकांना माहीतही नव्हतं की एकाच टेबलावर बसलोय. दोघांची खाती गोठवली, संगनमत म्हणून. साइटचं बरोबरच आहे, एका घरातून दोघं बसले की पानं सांगणारच असं ते धरणार. पण आम्हाला तीन आठवडे मेल लिहावे लागले, भाडेकरार जोडला, दोन खोल्यांचे फोटो जोडले. शेवटी सुटली. नंतर वार वाटून घेतले

निवृत्त पासधारक
माझं वय ७१. कॉम्प्युटरवर कधी खेळलो नाही, तरी लिहितो. सिंहगड एक्सप्रेसने बावीस वर्षं मुंबई केली. चार जणांच्या मांडीवर एक ब्रीफकेस, वर टॉवेल, कर्जतपर्यंत मेंढीकोट, पुढे रमी. पैसे नाहीत, हरणाऱ्याने दादरला चहा द्यायचा. एखादा दोन दिवस आला नाही की तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या घरी जायचा. तुम्ही लोक खोलीत एकटे बसून कोणाशी खेळत होतात, त्यांची तोंडं कधी पाहिलीत का? टोचून नाही, खरंच विचारतो.

मोरपीस
नाही काका. तीन वर्षं ज्याच्याशी रोज खेळले तो कोण, कुठला, काही माहीत नाही. एवढंच माहीत की चांगलं पान आलं की तो लगेच लावायचा आणि थाप मारत असला की थांबायचा.

लोखंडी कढई
काका सिंहगडवर वेगळा धागा काढा, आम्ही सगळे येतो

दोन चौक
माझं खूळ २००३ च्या त्या अमेरिकन अकाउंटंटमुळे. ख्रिस मनीमेकर, खरं आडनाव. ऑनलाइन ८६ डॉलरच्या पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या मोठ्या स्पर्धेला गेला आणि २५ लाख डॉलर जिंकून आला. आपणही करू असं अर्ध्या जगाला वाटलं, सदाशिव पेठेतल्या मलाही.

रात्रपाळींच्या शेवटच्या रकान्याला जोरदार अनुमोदन. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकी सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट, अ‍ॅब्सोल्यूट पोकर या तिन्ही मोठ्या साइटींचे वेबपत्ते एकाच दिवशी जप्त केले. फुल टिल्टकडे खेळाडूंना परत द्यायला पुरेसे पैसेच नव्हते. २०१२ मध्ये पोकरस्टार्सने ती ताब्यात घेतली तेव्हा परतफेडीची वाट मोकळी झाली. ते वाचल्यापासून महिन्याच्या एक तारखेला २,००० च्या वरचं सगळं काढून घ्यायचो, कितीही जिंकत असलो तरी.

बाकी माझा खेळ कायद्याच्या आधीच संपला होता. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्यावर ३० टक्के टीडीएस, १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी. शंभर भरले की जवळजवळ २२ रुपये करात, उरलेल्यावर रेक. गणित बसेना.

औंध_पश्चिम
आयडी नवीन काढलाय. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

खेळणारे माझे मिस्टर. आमच्याकडे खोली नव्हती, स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी फ्रिजजवळ टेबल. मी रात्री झाकपाक करायला जायचे तेव्हा ते बसलेले, सकाळी कुकर लावायला जायचे तेव्हाही बसलेले. कीबोर्डशेजारी रात्रीची पोळी तशीच, कडा वाळून वर वळलेल्या. ती पोळी उचलताना मला पहिल्यांदा भीती वाटली. पैसे किती गेले ते तेव्हा माहीतही नव्हतं.

तुम्ही सगळे साइट पडताळून बघत होतात. तेही बघायचे, पण कुठली नवीन साइट पहिल्या भरण्यावर जास्त देते एवढंच. अकरा खाती निघाली. माझ्या बांगड्या गेल्या, सोसायटीचा मेंटेनन्स आठ महिने थकला, सासऱ्यांनी एफडी मोडली. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते म्हणाले हा आजार आहे, शपथा घालून जाणार नाही. दीड वर्ष उपचार. आता चार वर्षं नाही. कायदा झाला त्या दिवशी ते बातम्या बघत गप्प बसले होते, मग उठून भांडी घासली.

कोणाच्या घरी चालू असेल तर १४४१६, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात. कायदा झाला म्हणून सवय जात नाही, बाहेरदेशच्या साइट असतातच.

गुळपोळी
ताई, बरं केलंत लिहिलंत. पोळी डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

निवृत्त पासधारक
मुली, तुझ्या मिस्टरांना आमच्याकडे संध्याकाळी पाठव. कॅरम आहे.

वाकडवाट
प्रकाटाआ, प्रतिसाद काढून टाकला आहे. (उगाच काहीतरी लिहिलं होतं. ताईंचं वाचलं.)

टेकडीवरचा
यूपीएस घेतला, धन्यवाद. चालतोय.

लोखंडी कढई
रात्रपाळी, सगळं सांगितलंत, एकूण बेरीज नाही सांगितली. वही आहे ना?

रात्रपाळी
बेरीज कधी केलीच नव्हती. महिन्याची करायचो, सगळ्याची नाही. काल औंधच्या ताईंचं वाचून बायकोला म्हटलं, बस शेजारी. मी आकडे वाचले, तिने कॅल्क्युलेटर धरला. तास लागला. सात वर्षांत भरले १,१६,५००. काढले ९८,०४०. परवाचे ३४१ धरून. म्हणजे १८,४६० गेले. मी आजवर लोकांना सांगत आलो की बरोबरीत सुटलो, आणि मला तसं खरंच वाटत होतं.

तिने खाली खुर्चीचे ४,२०० पण लिहायला लावले.

पाचतीनदोन
खुर्ची आहे का अजून?

रात्रपाळी
आहे. मुलगी दहावीला आहे, तीच बसते. वरखाली होत नाही आता, म्हणून पायाखाली तो यूपीएसचा पाट दिलाय.