विषय: नाताळच्या सुट्टीत वहिबाच्या वाळूत दोन रात्री

मस्कत (रुवी) येथून

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

नाताळच्या सुट्टीत माझे कोल्हापूरचे मित्र सहकुटुंब मस्कतला येत आहेत. गगनबावड्याकडच्या आणि पन्हाळ्यामागच्या वाटांवर भर पावसाळ्यात जीप घालण्याचा त्यांना चांगला सराव आहे. चिखलात निभावते तर कोरड्या वाळूत काय अडणार आहे, असा त्यांचा एकंदर सूर आहे. दोन गाड्या भाड्याने घ्यायच्या, ओमानमधल्या वहिबा वाळवंटाच्या उत्तरेकडील बिदिया गावाकडून वाळूत उतरायचे, उघड्यावर तंबू ठोकून दोन रात्री काढायच्या आणि तिसऱ्या दिवशी दक्षिणेला समुद्र गाठायचा, असा बेत आहे. ज्या सभासदांनी ओमानमध्ये उमेदीची वर्षे काढली आणि जे आता कोल्हापुरात स्थायिक झाले आहेत, त्यांनी या मंडळींना चार गोष्टी सांगाव्यात, अशी विनंती आहे. माझ्या सांगण्याला ते हसतात.

आपला,
रुवीकर

*

कोल्हापूर (राजारामपुरी) येथून

सप्रेम नमस्कार.

आपल्या मित्रांचा सराव खरा आहे, यात शंका नाही. परंतु वाळूत त्यांना सर्वांत आधी अडचणीत आणेल तो हाच सराव, असे माझे स्पष्ट मत आहे. चिखलात चाक फिरू लागले की आपण ॲक्सिलरेटर दाबतो. टायरच्या खाचांतला चिखल उडून जातो, खाली कुठेतरी घट्ट जमीन लागते आणि गाडी हिसका देऊन बाहेर येते. वाळूखाली अशी घट्ट जमीन नसते. तेथे चाक जागच्या जागी फिरले की ते स्वतःसाठी खड्डा खणते आणि पाहता पाहता गाडीचे पोट वाळूवर टेकते. त्यामुळे चाक फिरते आहे असे जाणवताच पाय काढून घ्यायचा, खाली उतरायचे आणि फावडे हातात घ्यायचे. चाकांमागची आणि पोटाखालची वाळू उपसून, लो रेंज (जीपचा हळू पण जास्त जोराचा गिअर) टाकून, आलेल्या चाकोरीतूनच हळूहळू मागे यायचे. कोल्हापूरच्या गड्याला हे शिकवणे अवघड जाते, कारण फसलेली गाडी जोर लावून काढण्यातच त्याची निम्मी हौस असते.

दुसरी गोष्ट टायरमधल्या हवेची. त्यांच्यापैकी दोघांना रविवारी मी उद्यमनगरातल्या ओळखीच्या गॅरेजात बोलावून घेतले होते. त्यांच्याच जीपचे पुढचे चाक जॅकवर उचलून टायरला जुने इंजिन ऑइल फासले, खाली कोरा पुठ्ठा ठेवला आणि गाडी त्यावर उतरवली. ३५ पौंड हवेवर पुठ्ठ्यावर आखूड, जवळजवळ चौकोनी ठसा उमटला. मग व्हॉल्व्हमधून हवा सोडून १६ पौंडांवर आणली आणि नव्या पुठ्ठ्यावर पुन्हा ठसा घेतला. रुंदी होती जवळपास तेवढीच राहिली, लांबी मात्र दीडपटीच्या पुढे गेली. हवा कमी केली की टायर पसरट होतो, असे सगळेच म्हणतात, पण तो मुख्यतः लांबतो. गाडीचे वजन लांबट पट्ट्यावर वाटले जाते, म्हणून ती वाळू कापत न जाता वाळूवरून चालते. दोन्ही पुठ्ठे त्यांनी घरी नेले आहेत.

ही युक्ती नवी नाही. रॅल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश लष्करी अभियंता १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या घेऊन हिंडत होता. त्या गाड्यांना चारही चाकांची ओढ नव्हती. टायरची हवा कमी करणे, फसलेल्या चाकाखाली लोखंडी पट्ट्या सरकवणे, रेडिएटरची वाफ वाया न घालवता थंड करून पुन्हा पाण्यात वळवणे, अशा उपायांवर त्याने तोवर अशक्य मानलेल्या टेकड्या पार केल्या. आज दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या रंगीत पट्ट्या त्याच लोखंडी पट्ट्यांच्या वंशातल्या आहेत.

माझे आयुष्य शिरोलीच्या फाउंड्रीत सुरू झाले, त्यामुळे वाळूकडे मी साच्याच्या नजरेने पाहतो. साच्याची वाळू उभी राहते ती तीत बेन्टोनाइट ही चिकणमाती आणि नेमके पाणी असते म्हणून; पाणी उडाले की कड ढासळते. वहिबातही हेच घडते. रात्री अरबी समुद्राकडून येणाऱ्या दमट हवेचे दव पडते, त्यामुळे पहाटे वाळूचा वरचा थर किंचित आवळलेला असतो आणि गाडी सहज चालते. अकरानंतर तीच वाट पिठासारखी सुटते. दुपारी ऊन डोक्यावर आले की सावल्या नाहीशा होतात आणि टेकडीची कड कोठे संपते, हे डोळ्याला कळेनासे होते. अवघड चढ सकाळीच उरकावेत आणि दुपार सावलीत काढावी.

टेकडीची वाऱ्याकडची बाजू लांब आणि सौम्य उताराची असते, तर आडोशाची बाजू साधारण ३२ ते ३४ अंशांवर स्थिरावलेली असते. तिच्यावरून उतरायचे तर नाकासमोर सरळ, पहिल्या गिअरात, ब्रेकला शक्यतो पाय न लावता. उतारावर गाडी आडवी होऊ लागली, तर मन घट्ट करून तिचे तोंड खालच्या दिशेला वळवावे आणि थोडा वेग द्यावा. घाबरून वरच्या बाजूला स्टिअरिंग फिरवणारा माणूस गाडी उलटवतो.

समुद्रापर्यंत जाण्याचा बेत मात्र या खेपेस सोडून द्यावा. वहिबा उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर पसरली आहे. उत्तरेकडे टेकड्यांच्या समांतर रांगा आहेत आणि त्यांच्यामधल्या सपाट पट्ट्यांतून वाट सापडते. दक्षिणेला ही शिस्त राहत नाही. आत पेट्रोल मिळत नाही आणि मऊ वाळूत गाडी रस्त्याच्या दुप्पट इंधन पिऊ शकते. बिदियाहून उत्तरेच्या पट्ट्यांत शिरावे, दोन्ही रात्री तेथेच काढाव्यात आणि त्याच वाटेने परतावे. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी, कारण कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो.

आपला,
राजारामपुरीकर

*

कोल्हापूर (शाहूपुरी) येथून

आदरणीय काका, सादर नमस्कार.

त्या रविवारी गॅरेजात आलेल्या दोघांपैकी मी एक. पुठ्ठ्यांवरचे ठसे पाहिल्यापासून आमच्या गटात बराच वाद चालू आहे. खोल खाचांच्या मड टायरना वाळूत काहीच उपयोग नाही, हे मला अजून पटत नाही. दुसरे असे की, दोन गाड्यांचे भाडे जड जाते. मोठी लँड क्रूझर एकच घेऊन त्यात सामान कोंबले तर चालेल काय? गाडी ओढण्यासाठी वायररोप आणि साखळी आम्ही येथूनच आणू शकतो. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आम्ही तिनेच कित्येकदा बाहेर काढल्या आहेत.

आपला,
शाहूपुरीकर

*

मस्कत (अल खुवैर) येथून

सर्वांस नमस्कार.

गाडीबद्दल भाऊंनी लिहिलेच आहे. मी तळाबद्दल लिहिते, कारण पाहुण्यांची जेवणे आणि मुलांच्या चपला शेवटी आम्हालाच सांभाळाव्या लागतात.

वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याच्या, पात्रात तंबू ठोकू नये. तेथे वाळू सपाट असते आणि झाडांची सावलीही असते, म्हणून नवख्या माणसाला तीच जागा आवडते. पाऊस दूरच्या डोंगरात पडतो आणि पाणी निरभ्र आकाशाखाली येऊन धडकते. एप्रिल २०२४ मध्ये याच शर्किया भागात वादीच्या पुरात शाळेची लहान मुले वाहून गेली, हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नसेल. पांढुरक्या, गुळगुळीत दिसणाऱ्या सपाट जमिनीवर, म्हणजे सबखावर, गाडी अजिबात घालू नये. वर मिठाची पापडी असते आणि खाली ओला गाळ. रुब अल खाली या विशाल वाळवंटाच्या कडेला असलेल्या उम्म अस समीम या सबखाचे नाव बदू, म्हणजे वाळवंटातले भटके लोक, भीतीने घेतात, ते याच कारणाने.

पिण्याचे पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरावे. स्वयंपाक आणि भांडी त्यात मोजू नयेत. सगळे पाणी एकाच गाडीत आणि एकाच कॅनमध्ये ठेवू नये. तांबड्या रश्श्याचा हट्ट असेल तर तो घरून करून, गोठवून आणावा. वाळवंटात मसाला परतत बसले की भांड्यात वाऱ्याबरोबर वाळू येतेच आणि दाताखाली ती कचकचते.

सरपण मस्कतहून विकत आणावे. वहिबाच्या कडेला जी घाफची झाडे दिसतात, ती म्हणजे आपली शमीच आहे. कोल्हापूरच्या दसरा चौकात जिचे पूजन होते, तीच. तिची मुळे खूप खोल जातात आणि उंट, शेळ्या, बदूंची माणसे, सारे तिच्या सावलीवर जगतात. वाळलेली दिसली तरी फांदी मोडू नये. सकाळी बूट झटकल्याशिवाय पायात घालू नयेत, कारण विंचू रात्री त्यांतच आसरा घेतो. शौचासाठी खोल खड्डा करावा. कागद पिशवीत घालून परत आणावा, कारण पुरलेला कागद वारा उघडा पाडतो. रास अल जिन्झला जाण्याचा विचार असेल, तर कासवांच्या किनाऱ्यावर तंबू ठोकता येत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

आपली,
अल खुवैरची वहिनी

*

कोल्हापूर (राजारामपुरी) येथून

सप्रेम नमस्कार.

वहिनींच्या पत्रात मला एका शब्दाचीही भर घालायची नाही. शाहूपुरीकरांच्या प्रश्नांची उत्तरे देतो.

मड टायरचा वाद गटात चालू द्या, पण भाड्याच्या गाडीला साधे रस्त्याचे टायर असले तर ते बदलून मागू नका. कमी हवेवर ते वाळूत उत्तम चालतात. खोल खाचा वाळू खणतात. तुमचे टायर गगनबावड्यासाठीच राहू द्या.

एकट्या गाडीने वाळूत जाणे मला मान्य नाही, मग ती गाडी कितीही मोठी असो. मोठी गाडी म्हणजे जास्त वजन, आणि फसल्यावर तिला ओढायला कोणी नाही. दुसऱ्या गाडीचे भाडे वाचवायचेच असेल, तर एक रात्र बिदियाजवळच्या एखाद्या वाळवंटी कॅम्पात काढा आणि त्यांच्याच चालकाबरोबर आत फिरून या. त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही. भाड्याच्या बहुतेक गाड्यांचा विमा रस्ता सोडल्यावर लागू होत नाही, तेव्हा करारनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

वायररोप आणि साखळी कोल्हापुरातच ठेवा. उसाच्या फडात ट्रॅक्टर हळूहळू ओढतो, म्हणून तेथे साखळी चालते. वाळूत हिसका देऊन ओढावे लागते, आणि साखळी ताणली जात नसल्यामुळे तो हिसका थेट हुकावर येतो. त्यासाठी ताणला जाणारा नायलॉनचा दोर मस्कतला घ्या. तो चासीवरच्या अधिकृत ओढकडीलाच लावा; मागच्या ट्रेलरच्या गोळ्याला कदापि लावू नका. तो गोळा तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो आणि काचेतून आत येतो. माणसे दगावली आहेत. दोर ताणलेला असताना मुले कोठे उभी आहेत, हे एका मोठ्या माणसाने फक्त पाहत राहावे.

शेवटची सूचना परतीच्या प्रवासाची. आत बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून उपग्रह फोन कोणाकडून तरी घेऊन जाणे शहाणपणाचे आहे. पण तो मस्कतलाच परत करून या. थुराया किंवा इरिडियमचा फोन परवान्याशिवाय भारतात आणणे हा गुन्हा आहे आणि विमानतळावर पर्यटकांना त्यासाठी अटकही झाली आहे. बॅगा भरताना चुकून तो कपड्यांत राहिला, तर कोल्हापूरची गाडी मुंबईतच अडकेल. बाकीच्या दोघांनी येत्या रविवारी सकाळी नऊला उद्यमनगरात यावे. येताना हवा मोजण्याचा स्वतःचा मीटर आणावा, कारण गॅरेजातला मीटर दोन पौंड जास्त दाखवतो.

आपला,
राजारामपुरीकर