नुसता वेग वाढवून भागत नाही

काहींना वाटतं, जहाजावरून शत्रूच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या बोटींचा वेग वाढवला की काम फत्ते. अमेरिकन मरीन्सनी (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या फौजेनं) यात हात पोळून घेतलेत. त्यांचं एक्स्पिडिशनरी फायटिंग व्हेईकल, म्हणजे पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारी चिलखती गाडी, पाण्यावर २५ नॉट्सच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) आसपास पळायचं. त्याआधीच्या अशाच जुन्या गाडीची, एएव्हीची, मजल जेमतेम ७ नॉट्स. नवं वाहन पाण्यात शिरलं की चाकांवरचे पट्टे आत ओढायचे, पुढची फळी उघडायची, की धूड नाक वर करून स्पीडबोटीसारखं सुटायचं! त्यासाठी इंजिन २७०० अश्वशक्तीचं, जमिनीवर मात्र ८५० पुरे. एवढं सगळं एका डब्यात कोंबल्यावर बिघाड होणारच. शिवाय सपाट तळ, म्हणजे सुरुंगापुढे पंचाईत. सुमारे ३ अब्ज डॉलर्स ओतून २०११ मध्ये गाशा गुंडाळला.

दुसरा मार्ग एलसीएसी, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगत पाण्यावरून थेट वाळूवर चढणारी हॉवरक्राफ्ट. ती ४० नॉट्सने अख्खा अब्राम्स रणगाडा वाळूवर नेऊन ठेवते. चिलखत मात्र नाममात्र, त्यामुळे किनारा आधी मोकळा करावा लागतो. तो कोण करणार?