आई-आबांना 'वेलनेस'ला नेलंत का? अनुभव लिहा

असोद्याची लेक
भाच्याने आईसाठी केरळच्या आयुर्वेद रिसॉर्टचं पॅकेज पाठवलं. अभ्यंग, शिरोधारा, योग वगैरे. आईने चष्मा लावून आधी दर वाचला. म्हणे, "एवढ्यात माझी सासू जन्मभर उनपदेवला न्हाली असती!" मग मला आजी आठवली. थंडीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या टाकून बायका निघायच्या, सोबत भाकरी आणि लसणाची चटणी. गोमुखातून पडणाऱ्या गरम पाण्याखाली आजी लुगड्यासकट बसायची आणि थोड्या वेळाने गाणी सुरू. घरी आली की गुडघे पुन्हा दुखायचे, पण आठवडाभर कुणाशी भांडायची नाही.
तुम्ही कुणाला झऱ्यावर, निसर्गोपचाराला, केरळला नेलं असेल तर लिहा. जाहिराती नकोत.

तापीकाठचा
कोणतं उनपदेव? अडावदचं की शहाद्याचं?

असोद्याची लेक
अडावदचं. चोपडा तालुका.

तापीकाठचा
बरं. आमचं शहाद्याकडचं. दोन्हीकडचे म्हणतात खरं आमचंच 😀

भूगोलाचे मास्तर (निवृत्त)
दोन्ही खरी. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत खोल भेगा आहेत. पावसाचं पाणी त्यांतून खाली जातं, तापतं आणि वर येतं. ज्वालामुखी वगैरे काही नाही, दर वर्षी पोरं तेच लिहायची.

केळीवाला, रावेर
आबांना उरुळीकांचनला ठेवलं होतं. गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेला आश्रम. पोटावर मातीपट्टी, कटिस्नान, जेवण मोजून, चहा बंद. चहा बंद म्हटल्यावर दोन-चार दिवसांतच फोन, "मले घ्याले ये." मी निघणार तर पुन्हा फोन, "राहू दे." सांगलीकडचे एक शेतकरी भेटले होते. त्यांचा ऊस, आमची केळी, दोघांचं एकच रडगाणं. शुगर चांगली उतरली. मग आखाजी (अक्षय्य तृतीया) आली, आमरस-पुरणपोळी झाली, पुढचं विचारू नका भो.

सिस्टर, धुळे
नोकरी दवाखान्यात गेली म्हणून लिहिते. मधुमेह जुना असेल तर पायांना चटका कळत नाही. पाणी सोसवतंय म्हणून पाय बुडवून बसतात आणि घरी आल्यावर फोड दिसतात. आधी घरच्या कुणीतरी कोपर घालून पाहायचं. बीपी, हृदयाची गोळी चालू असेल तर गरम कुंडात किंवा वाफेच्या खोलीत जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. बाहेर येताना एकदम उठू नका, चक्कर येते. आणि 'इथे गोळ्या बंद करा' म्हणणाऱ्या ठिकाणाहून सरळ परत या.

सूनबाई पारोळा
सिस्टर +१. सासूबाईंना एका मोठ्या हॉटेलच्या स्पामध्ये नेलं. सुगंधी मेणबत्त्या होत्या, पण न्हाणीघरात धरायला दांडा नाही, फरशी तेलकट आणि खोली दुसऱ्या मजल्यावर. मालीश करणाऱ्या मुलीला त्या आधी म्हणाल्या, "तू जेवलीस का?" आता बुकिंगच्या आधी मी तळमजला, कमोड आणि दांडा एवढंच विचारते. मेणबत्त्या घरी आहेत.

भुसावळ जंक्शन
आई-बाबांना कोट्टक्कलला नेलं. १९०२ पासूनची आर्य वैद्यशाळा. इथून मंगला एक्सप्रेस थेट केरळात जाते, गाडी बदलायची कटकट नाही. ज्येष्ठांची तिकीट-सवलत मात्र २०२० पासून बंद, ते लागलं. वैद्यांनी आधी नाडी, जुने रिपोर्ट, झोप, पोट सगळं विचारलं. हॉटेलातलं तेल चोळणं आणि हे यात फरक आहे. मदतनीस बाई मल्याळम बोलायची, आई अहिराणी. "मना गुडघा दुखस" म्हटलं की ती बरोब्बर तिथेच हात लावायची. भाताला मात्र आई कंटाळली. पुढच्या वेळी कळण्याचं पीठ घेऊन गेली.

नंदुरबारकर
आमचं वेलनेस तोरणमाळ. हजार मीटरच्या वर, यशवंत तलाव, उन्हाळ्यात संध्याकाळी गार वारा. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे, एसटी फुकट. सासरे सत्तरचे, अर्धं तिकीट. मी बाई म्हणून अर्धं. पूर्ण तिकीट फक्त नवऱ्याला. घाट संपेपर्यंत बोलला नाही.

तापीकाठचा
😂😂 घाटात तसंही कुणी बोलत नाही.

केळीवाला, रावेर
भुसावळ जंक्शन, कळण्याचं पीठ प्रवासात टिकलं?

भुसावळ जंक्शन
टिकतं की. ज्वारी, उडीद, मीठ एकत्र दळलेलं. पण तिथे भाजायला तवा कोण देतो? आईने स्वयंपाकघरात जाऊन मागितला.

सूनबाई पारोळा
दिला??

भुसावळ जंक्शन
दिला. मग दोन भाकरी त्यांच्या आचाऱ्यालाही. भरीत नाही म्हणून आईच हळहळली.

सिस्टर, धुळे
अहो, धागा तब्येतीचा आहे.

केळीवाला, रावेर
मग भरीत काय आजार आहे का, सिस्टर?