दुपारी चार वाजता खाजाच का आठवतो?

बांगडेवाली, मालवण
वय ४३. घरची होडी आहे, हिशेब माझ्याकडे. १ जूनला मासेमारी बंदी लागली की ३१ जुलैपर्यंत होडी शाकारलेली आणि वही कोरी. त्यात सूर्य दिसत नाही, मन उतरलेलंच असतं. दुपारी जेवून तांदूळ निवडायला बसते (निवडता निवडता मूठ-दोन मुठी कच्चेच चावून होतात, ते सोडा) आणि चार वाजले की हात खाज्याच्या डब्याकडे. एक कांडी म्हणता म्हणता पाव किलोचा पुडा दोन दिवसांत साफ. पहिल्या घासालाच बरं वाटतं, वीस मिनिटांत पुन्हा जैसे थे.

भाचा पुण्यात फिजिओथेरपी शिकतो. तो म्हणतो, "मावशी, गोडाने मूड सांभाळणारं सेरोटोनिन वाढतं. शरीर स्वतःचं औषध मागतंय." औषधच असेल तर बिनधास्त खाऊ? की पोरगा मला हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय?

निवृत्त मास्तर, रत्नागिरी
भाच्याचं अर्धं बरोबर आहे. जीवशास्त्र शिकवण्यात हयात गेली, तेव्हा थोडं लांबण लागेल.

शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात असतं, पण ते मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपलं आपण बनवतो, ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून (अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे घटक). आता तुमच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडी डोळ्यांसमोर आणा. जागा मोजक्या, चढणारे ढीगभर. मेंदूत शिरायची वाटही तशीच. इतर अमिनो आम्लं धक्काबुक्की करून पुढे घुसतात, ट्रिप्टोफॅन बिचारं धक्क्यावरच. गोड किंवा पिठूळ खाल्लं की इन्सुलिन वाढतं, त्या गर्दीतले बरेचसे स्नायूंकडे वळतात आणि ट्रिप्टोफॅनला जागा मिळते. फर्नस्ट्रॉम आणि वर्टमन या शास्त्रज्ञांनी १९७१ साली हे उंदरांवर दाखवलं.

पण मेख अशी, की सोबत थोडी जरी प्रथिनं पोटात गेली तरी गर्दी पुन्हा जमते. आणि खाजा कशाचा? बेसनाचा! बेसनात वीसेक टक्के प्रथिनं. म्हणजे हरभऱ्याच्या झाडाचं तुम्ही गमतीत लिहिलंत, ते शब्दशः खरं निघालं. शिवाय या सगळ्याला तासभर तरी लागतो. तुम्हाला तर पहिल्या घासाला बरं वाटतं.

ते काम बहुधा डोपामिनचं, म्हणजे मेंदूतल्या 'हवंहवंसं' वाटायला लावणाऱ्या रसायनाचं. मेंदूशास्त्रज्ञ शुल्ट्झ यांनी माकडांवर पाहिलं, की फळाचा रस मिळण्याची खूण एकदा ओळखीची झाली की डोपामिनच्या पेशी रसाला नव्हे, खुणेलाच उसळतात. तुमची खूण चार वाजणं, नाहीतर डब्याचं झाकण.

देवगडकर
ह्या सगळा बंदीचा दुखणा. घोव दोन म्हयने घरात बसता, मग माका पण खाजा लागता.

लॅबवाली, कुडाळ
सर, खाज्याचं छान सांगितलंत. पण ताई, कंसात जे 'ते सोडा' म्हणालात, ते मी सोडणार नाही. कच्चे तांदूळ, खडू, माती, बर्फ असलं खावंसं वाटणं हे पुष्कळदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. डोपामिन बनवणाऱ्या एन्झाइमलाही लोह लागतं, त्यामुळे मरगळ आणि उतरलेलं मन पावसाच्याच खात्यावर टाकू नका. पाळीला जास्त जातं का? जिना चढताना धाप लागते? जेवल्या जेवल्या चहा घेता? चहाने जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) करून घ्या, आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका.

बांगडेवाली, मालवण
दीड महिन्याने लिहितेय. लॅबवाली बाय, तुझं नाव माहीत नाही, पण मालवणात आलीस तर जेवायला ये.

हिमोग्लोबिन ८.९ आलं, बाईला निदान १२ तरी हवं म्हणे. पाळीचं निघालंच, मी चार वर्षं 'वयाचं असेल' म्हणून अंगावर काढत होते. त्याचेही उपचार चालू आहेत. लोहाची गोळी लिंबाच्या सरबतासोबत घेते, चहा दोन तासांनी. शौच काळं होतं, ते आधी कोणी सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी घाबरले नसते.

तिसऱ्या आठवड्यात एकदा सूप खाली ठेवलं आणि लक्षात आलं, तांदूळ निवडून झाले आणि तोंडात एक दाणा गेला नाही. आठवणच झाली नाही.

मास्तर, खाजा मात्र सुटलेला नाही. नारळी पौर्णिमा झाली, होडी पाण्यात गेली, वही भरायला लागली, तरी चार वाजले की आठवतो. डबा वरच्या फळीवर ठेवलाय, काढायला स्टूल लागतं. स्टूल पडवीत. परवा पावसात भिजत जाऊन आणलं. काल मात्र कंटाळा केला.