कॅम्पातला आकडा (सोसायटी ग्रुप, रविवार संध्याकाळ)

३०४ प्रज्ञा: सकाळपासून मनात सलतंय म्हणून लिहिते. कॅम्पात आमच्या ह्यांचं बीपी १६४/१०२ आलं. वय ४१. सासऱ्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. वर लॅबच्या माणसाने जीन टेस्टचा कागद हातात दिला, "घराण्यातलं आहे, करून घ्या." ह्याला आत कोणी घेतलं?

सेक्रेटरी: वहिनी, परवानगी फक्त शुगर-बीपीची होती. कमिटीवर आरोप नकोत.

१०२ नाना: आमचे आजोबा रोज पेजेबरोबर मिठातली तोरां, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, खायचे. ९० वर्षं जगले.

२०१ डॉक्टरताई: प्रज्ञा, रांगेत गप्पा मारताना घेतलेला आकडा तो. उद्या ५ मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीला ठेवून दोनदा घे. माझं मशीन ने. बीपीत घराण्याचा वाटा असतो, ३० ते ५० टक्के धरतात. पण "बीपीचा जीन" असा एक नसतो. २०१८ साली १० लाखांहून जास्त लोकांच्या अभ्यासात बीपीशी जोडलेल्या डीएनएतल्या ५३५ नव्या जागा सापडल्या, जुन्या धरून ९०१. एकेकीने बीपी हलतं ते बहुधा १ मिमीपेक्षाही कमी. त्या कागदावर पैसे घालू नकोस.

१०२ नाना: तेच म्हणतोय. आजोबा ९०. तोरां रोज.

४०२: नाना, आजोबा म्हापशाच्या बाजाराला चालत जायचे. तुम्ही पाव आणायला स्कूटर काढता.

१०२ नाना: तुमची गाडी माझ्या जागेवर असते त्याचं आधी बोला.

सेक्रेटरी: पार्किंग मीटिंगमध्ये. आणि हॉलच्या ६ खुर्च्या परत आलेल्या नाहीत. चवथीला आरतीच्या वेळी उभे राहणार का सगळे?

३०३: ताई, मग जीन टेस्ट कोणालाच नको?

२०१ डॉक्टरताई: क्वचित लागते. लिडल सिंड्रोममध्ये एकाच जीनच्या बिघाडाने किडनी सोडियम सोडतच नाही, लहान वयातच बीपी चढतं, पोटॅशियम बहुधा उतरतं. तिथे अमिलोराइड हे औषध चालतं, म्हणून निदानाला अर्थ आहे. ते डॉक्टरने ठरवायचं, एजंटने नाही. प्रज्ञा, ह्यांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि पोटॅशियम मात्र करून घे.

१०२ नाना: आमच्या घरी सगळे खारं खातात. कोणालाच बीपी नाही.

४०२: शेवटचं कधी मोजलंत?

२०१ डॉक्टरताई: नाना, मीठ एकाला जास्त बाधतं, दुसऱ्याला कमी. त्यातही जीनचा हात आहे, पण चेहऱ्यावरून ते कळत नाही. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. त्यातच सुका बांगडा, लोणचं, पापड सगळं आलं. आणि प्रज्ञा, दिरांचंही मोजायला सांग. सख्खा भाऊ आहे.

३०४ प्रज्ञा: आत्ताच फोन केला. म्हणतात, मला काही त्रास नाही. सासरेही हेच म्हणायचे, ताई.

२०१ डॉक्टरताई: त्रास बहुतेकांना होतच नाही, बाई. उद्या त्यांना घेऊनच ये.

१०२ नाना: मशीन नंतर खाली पाठवा. आकडा ग्रुपवर टाकणार नाही.

सेक्रेटरी: खुर्च्या ६.