सनमायकाचं जुनं कपाट घरीच रंगवायचं आहे, पोपडे निघू नयेत म्हणून काय करावं?

पितळी कडी

कपाट मजबूत आहे, पण त्याचा चकचकीत तपकिरी सनमायका खोलीतल्या कशाशीच जुळत नाही. म्हणून रंगवायचं ठरवलं आहे. तपशील असा:

उंची ७ फूट, रुंदी ६ फूट, खोली २ फूट. चार शटर, प्रत्येक साधारण ८० × १८ इंच, कपवाल्या बिजागऱ्यांवर. एक बाजू भिंतीला चिकटून, दुसरी उघडी. शटरची आतली बाजू पांढरी आहे, ती तशीच ठेवणार. खाली दोन ठिकाणी कडेची पट्टी सुटली आहे आणि एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे. जुन्या मुठींच्या भोकांतलं अंतर ९६ मिमी, नव्या पितळी मुठी १६० मिमीच्या.

डोक्यात आहे ते असं: सगळं कपाट गडद बाटली-हिरवं आणि मधल्या दोन शटरवर मिळून एक मोठी मातकट गुलाबी कमान.

१. घासणं टाळता येईल का? सगळीकडे उलटसुलट वाचायला मिळतं.
२. घरात लाकडाचा प्रायमर आणि ऑइल पेंट पडून आहे. चालेल का?
३. रंग किती लागेल?
४. कमानीची कड सुबक कशी येईल?

ओला ब्रश

दोन्ही डबे बाजूला ठेवा. लाकडाचा प्रायमर लाकडात थोडा मुरतो आणि त्या मुरण्यावरच त्याची पकड असते. सनमायका म्हणजे रेझिनमध्ये भिजवून दाबलेला कागद, त्यात काहीच मुरत नाही. तो प्रायमर वर नुसता बसून राहील आणि मुठीजवळ नख लागलं की पापुद्रा निघेल. डब्यावर लॅमिनेट, मेलामाइन, काच किंवा टाइल यांपैकी काहीतरी स्पष्ट लिहिलेला बाँडिंग प्रायमरच लागेल. ऑइल पेंट तसा कडक होतो, पण वास बरेच दिवस राहतो आणि फिके रंग पिवळे पडतात, त्यामुळे तुमच्या गुलाबीचं काही खरं नाही. पाण्यातलं इनॅमल घ्या. भिंतीचं इमल्शन तर नकोच. ते मऊ राहतं, बंद केलेलं शटर कपाटाला चिकटतं.

घासणं टळणार नाही, पण लोक समजतात तेवढं घासायचंही नसतं. चकाकी गेली की थांबायचं. क्रम मात्र चुकवू नका: आधी धुणं, मग घासणं. मुठीभोवती हाताचं तेल बसलेलं असतं. आधी घासलं तर ते तेल चरांमध्ये जाऊन बसतं.

कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून मऊ स्पंजाने पुसा. मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा, म्हणजे साबण राहणार नाही. कपाटावर कधी फर्निचरचा चकाकीचा स्प्रे मारला असेल तर वाळल्यावर टर्पेंटाइनचा एक हात फिरवा आणि फडकं सारखं बदलत राहा. त्या स्प्रेमधलं सिलिकॉन उरलं तर ओला रंग तिथून मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. त्यावर दुसरा हात मारला तरी ते भरत नाहीत.

घासायला १८० नंबरचा पॉलिश पेपर, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या हाताने घासलं की बोटांखाली जास्त दाब पडतो आणि पट्टे उठतात. कडांवर हलका हात ठेवा, सनमायका तिथेच लवकर फाटतो. शटर तिरप्या उजेडात धरून बघा: चकाकणारा ठिपका म्हणजे राहिलेली जागा. मास्क लावा.

रंधा

रंगाच्या आधी एक प्रश्न. सनमायकाच्या खाली काय आहे? मुठीचा स्क्रू काढून भोकात टॉर्च मारा. आडवे-उभे थर दिसले तर प्लाय, भुसा दाबल्यासारखं दिसलं तर पार्टिकल बोर्ड, पुठ्ठ्यासारखं गुळगुळीत असलं तर एमडीएफ. उघड्या बाजूचं वेगळं तपासा, तिथे बऱ्याचदा दुसरंच काहीतरी असतं.

कडेलोट

इतका खटाटोप कशाला? चिकटवायची विनाइल फिल्म मिळते. धूळ नाही, वास नाही, कंटाळा आला की काढून टाका.

गुण्या

@कडेलोट, सपाट आणि धड कडा असलेल्या शटरला फिल्म ठीक आहे. इथे कडेची पट्टी सुटलेली आहे आणि फिल्म उचकटायला सुरुवात होते ती कडेपासूनच. शिवाय दोन रंगांची कमान फिल्ममध्ये करायची तर जोड उघडा राहणार, त्यात धूळ धरणार. भाड्याच्या घरात मी फिल्मच सुचवली असती.

पितळी कडी

@रंधा, शटर प्लायची आहेत. उघडी बाजू मात्र भुशाची, आणि खालची दोन बोटं किंचित फुगलेली.

रंधा

मग त्या बाजूला पाणी अगदी कमी वापरा. फडकं पिळून घट्ट करा, लगेच कोरड्याने पुसा. तिथला कागदही सनमायकापेक्षा बराच पातळ असतो, त्यामुळे २२० नंबरने दोन-तीनदा फिरवलं की पुरे. फुगलेला भाग परत बसत नाही. सैल भुसा खरवडून काढा, उघडी कड प्रायमरने भरपूर भिजवा, वाळू द्या आणि मग दोन भाग मिसळून वापरायची पॉलिएस्टर लांबी (खड्डे बुजवायचं, कडक होणारं मिश्रण) भरा.

टवका आणि जुनी भोकंही त्याच लांबीने. भिंतीची पुट्टी वापरू नका, ती आक्रसते आणि शटर आपटलं की भुगा होऊन गळते. भोकाला मागून टेप लावा, लांबी किंचित उंच भरा, कडक झाल्यावर आधी १२० आणि मग २२० नंबरने सपाट करा. चकाकत्या गडद रंगाखाली अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटाही लपत नाही.

सुटलेल्या पट्टीला कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह. जुना गोंद पूर्ण खरवडा, दोन्ही बाजूंना पातळ थर लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मग एकदाच जोरात दाबा. ओलं असतानाच दाबलं तर आतला सॉल्व्हंट अडकतो आणि पट्टी पुन्हा सुटते. शटर बोटाने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर सनमायका तिथे सुटलेला आहे, आधी तो चिकटवा.

ओला ब्रश

आता हिशोब. समोरचा भाग ४२ चौरस फूट, उघडी बाजू १४, कडा धरून ६० च्या आसपास. १ लिटर इनॅमल एका हाताला साधारण १०० ते १२० चौरस फूट जातं. गडद हिरव्याला तीन हात धरा, म्हणजे दीड ते पावणेदोन लिटर. २ लिटर एकाच वेळी मिसळून घ्या, नंतर आणलेल्या डब्याची छटा थोडी तरी वेगळी येते. प्रायमर १ लिटर. कमान १२ चौरस फुटांची झाली तर गुलाबी अर्धा लिटर पुरे.

तीन हात का? गडद छटा ज्या बेसमध्ये (रंगद्रव्य मिसळायच्या मूळ रंगात) करतात त्यात पांढरं पिगमेंट फारच कमी असतं, म्हणून रंग झाकत नाही. हिरव्याखालचा प्रायमर राखाडी करून घेतलात तर कदाचित दोन हातांत भागेल. कमानीखाली मात्र पांढराच.

शटर उतरवा, प्रत्येकाच्या बिजागरीच्या कपात टेपवर नंबर लिहा. आडवी ठेवूनच रंगवा, उभ्याने ओघळ येतात. कडा आधी ब्रशने, मग सपाट भाग ४ इंची बारीक फोमच्या रोलरने. फोम दाबला की बुडबुडे येतात, म्हणून रोलरचं स्वतःचं वजन पुरे. दोन फुटांचा पट्टा भरला की वरून खाली एकाच दिशेने अलगद फिरवा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. अर्धवट सुकलेल्या जागी परत रोलर नेला की पोत बिघडतो, बहुतेक शटर तिथेच खराब होतात. पंखा थेट रंगावर नको, वर साय धरते आणि धूळही बसते. दोन हातांमध्ये ३२० नंबर हलकाच, मग ओलसर फडकं.

सगळ्यात आधी मात्र एका शटरच्या खालच्या टोकाला हातभर जागेवर चाचणी घ्या. प्रायमर लावा, दोन दिवस थांबा, ब्लेडने २ मिमी अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा, त्यावर टेप घट्ट दाबून झटक्याने ओढा. चौकोन जागेवर राहिले तर पुढे चला.

गुण्या

कमानीचं सांगतो. मधली दोन शटर वेगवेगळ्या जोडीतली आहेत, म्हणजे त्यांच्या मुठी बाहेरच्या कडांना येतात. ३६ इंचात कमान २८ इंच रुंद ठेवलीत तर दोन्हीकडे ४ इंच हिरवं उरतं आणि पितळ हिरव्यावरच बसतं. त्रिज्या १४ इंच, सरळ उभा भाग खालून ५० इंच, म्हणजे माथा ६४ इंचावर.

अडचण अशी की वर्तुळाचा मध्य नेमका दोन शटरमधल्या फटीत येतो. दोरी-पेन्सिलीच्या नादाला लागू नका, दोरी ताणली जाते. जाड पुठ्ठ्याचा पाव वर्तुळाचा साचा कापा. फट ३ मिमी असेल तर साच्याची उभी कड दीड मिमी कमी करा, म्हणजे शटर टांगल्यावर दोन अर्ध्या कमानी मिळून एक पूर्ण दिसेल. शटर उतरवण्याआधी दोघांच्या कडेवर ५० इंचाची खूण एकाच लेव्हलपट्टीने करून ठेवा. पुढचं सगळं काम साच्यावर.

गुलाबी आधी. हिरव्यावर गुलाबी झाकायला चार-पाच हात जातील. आखणीच्या बाहेर इंचभर जाऊन गुलाबी लावा, दोन दिवस वाळू द्या, त्याची बाहेरची कड ३२० ने मारून उतरती करा, नाहीतर हिरव्याखाली वळ दिसेल. परत साचा ठेवून रेघ आखा आणि आतल्या बाजूला टेप लावा. वळणाला रुंद कागदी टेप चुण्या पाडते, ३ ते ६ मिमीची लवचिक टेप घ्या आणि आतला भाग कागदाने झाका.

टेपच्या कडेवर आधी गुलाबीचाच पातळ हात फिरवा. टेपखाली जे काही झिरपायचं ते गुलाबीच झिरपतं आणि फट बंद होते. मग हिरवा. शेवटचा हात ओला असतानाच टेप स्वतःवर दुमडत हळू ओढा. पूर्ण सुकू दिलीत तर हिरव्याची कड दातेरी फाटते.

पितळी कडी

चाचणी घेतली. खालच्या टोकाला एकही चौकोन निघाला नाही. खात्रीसाठी मुठीच्या जागेजवळही एक केली, तिथे चार-पाच निघाले. आता सगळं खरवडायचं का?

ओला ब्रश

टेपवर आलेल्या चौकोनांची मागची बाजू बघा. प्रायमर अख्खा निघून खाली सनमायका स्वच्छ दिसत असेल तर तेल राहिलंय. मुठीभोवतीचा वीतभर भाग टर्पेंटाइनने पुसा, पुन्हा साबण, पुन्हा १८०, पुन्हा प्रायमर. बाकीच्या तीन शटरनाही मुठीपाशी आधीच हे करून घ्या. खालचं टोक पास झालंय, तिथल्या रेघा लांबीने भरल्या की काम संपलं.

गुण्या

मुठींची जुनी भोकं उभ्या रेषेत असतील तर वरचं भोक तसंच वापरा आणि त्याच्या खाली १६० मिमीवर नवं पाडा. बुजवायला प्रत्येक शटरला एकच भोक उरतं. भोक रंगाच्या आधीच पाडा: ५ मिमी बिट, पुढून, मागे टाकाऊ फळी क्लॅम्प करून, नाहीतर मागचा पांढरा सनमायका फुटतो. १८ मिमी प्लाय आणि दोन्हीकडचा सनमायका मिळून २० मिमी जाडी होते, त्याला एम-४ चे २५ मिमी स्क्रू बरोबर. मुठी बसवताना हातानेच आवळा, ड्रिल लावलं की मुठीखालचा नवा रंग पिळवटतो.

पितळी कडी

वरचं भोक चालतंय, रेषेत आहे. शेवटचं विचारतो: रंग झाल्यावर शटर कधी टांगायची?

ओला ब्रश

हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही, गडद छटेला तर जास्तच वेळ लागतो. तीन दिवसांनी टांगा, पण आठवडाभर किलकिली ठेवा. बंद करायला लागाल तेव्हा आतल्या कोपऱ्यांवर रबरी ठिपके लावा. महिनाभर ओलं फडकं नको. दोन शटर एकमेकांना घासत असतील तर बिजागरीचा पुढचा स्क्रू अर्धा वळसा फिरवून बघा, तेवढ्यात एखादा मिलिमीटर मिळतो.