मदत हवी आहे: जठरातल्या जिस्टचा (एका प्रकारच्या गाठीचा) रिपोर्ट, एकच कागद आणि दोन डॉक्टरांची दोन मतं

नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर आणि लॅबमधली बरीच जणं आहेत म्हणून विचारतेय.

माझे काका (वय ६३, कराडजवळ असतात) दिवाळीनंतर चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन ६.८. महिनाभर शौचाला काळी होत होती, पण पठ्ठ्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. एंडोस्कोपी आणि सीटीत जठरात गाठ दिसली, ती ऑपरेशन करून काढली. काका आता ठणठणीत आहेत, शेतावर जायची घाई चाललीय. घोळ आहे तो रिपोर्टचा. जसाच्या तसा उतरवते:

गाठ ६.५ सेंमी, स्पिंडल सेल, कडा मोकळ्या. सीडी११७ +++, डीओजी१ +++, सीडी३४ ++, एसएमए काही ठिकाणी +, एस१०० व डेस्मिन निगेटिव्ह. केआय-६७ ८%. मायटोसिस २/१० एचपीएफ. निदान: जिस्ट.

काकीला मधुमेह आहे. लघवीत साखर तीन प्लस आली की डॉक्टर कसे ओरडतात हे तिला पाठ. त्यामुळे रिपोर्टमध्ये दोनदा तीन प्लस बघून ती मटकन खालीच बसली. मीही गुगल करून तेवढीच घाबरले.

सर्जन म्हणतात धोका कमी आहे, नुसती दर काही महिन्यांनी तपासणी करा. कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात इमॅटिनिब ही कॅन्सरची गोळी ४०० मिग्रॅ. रोज, तीन वर्षं. कागद दोघांनी तोच पाहिला! मग ही गाठ पुढे कशी वागेल हे नक्की कोणत्या ओळीवरून ठरतं? प्लस जास्त म्हणजे आजार जास्त का?

प्रतिसाद १

ताई, आधी काकींना सांगा की ते प्लस साखरेचे नाहीत, तपासणीत गाठीच्या पेशींनी रंग किती धरला त्याचे आहेत. मी पॅथॉलॉजीतच आहे, रोज हेच रंग बघतो. सीडी११७ आणि डीओजी१ ही गाठ कुठल्या घराण्यातली ते सांगतात, तिचा स्वभाव नाही. साधारण ९५% जिस्ट सीडी११७ ला रंग धरतात, निरुपद्रवी असोत की वाईट. रंग गडद आला म्हणून गोळी जास्त लागू पडते असंही नसतं. पूर्वी या गाठी स्नायूच्या म्हणून खपून जायच्या. १९९८ मध्ये जपानमध्ये हिरोता आणि सहकाऱ्यांनी त्यातला किट जनुकातला बिघाड दाखवला (सीडी११७ हे त्याच जनुकाचं प्रथिन), तेव्हापासून हे रंग कामाला लागले. एस१०० आणि डेस्मिन निगेटिव्ह म्हणजे मज्जातंतूची किंवा स्नायूची गाठ नाही, एवढाच अर्थ.

केआय-६७ म्हणजे वाढीच्या मार्गावर असलेल्या पेशींची टक्केवारी. त्याने अंदाज येतो, पण धोक्याचे नेहमीचे तक्ते त्यावर बेतलेले नाहीत आणि लॅबगणिक आकडा हलतो. तक्ता बघतो तीन गोष्टी: गाठ कुठे, केवढी, आणि ५ चौरस मिलिमीटरमध्ये विभागणाऱ्या पेशी (म्हणजेच मायटोसिस) किती.

आता तुमची खरी अडचण. '२/१० एचपीएफ' म्हणजे मायक्रोस्कोपच्या १० फील्डमध्ये (एका वेळी दिसणारा गोल म्हणजे एक फील्ड) २ मायटोसिस. पण ही किती जागा? जुन्या हिशेबात ५० फील्ड म्हणजे ५ चौ. मिमी, त्यामुळे १० फील्ड म्हणजे १ चौ. मिमी, आणि ५ चौ. मिमीला तुमचा आकडा होतो १०. पण हल्लीच्या रुंद आयपीसच्या मायक्रोस्कोपमध्ये १० फील्डमध्ये जवळजवळ २.४ चौ. मिमी मावतं, मग तोच आकडा होतो ४. सीमारेषा आहे ५ वर! मिएटिनेन-लासोटा या संशोधकांच्या २००६ च्या तक्त्यात जठरातल्या ५ ते १० सेंमीच्या गाठीला, ५ पर्यंत मायटोसिस असतील तर पुढे पसरण्याची शक्यता ३.६%, त्यापेक्षा जास्त असतील तर ५५%. तुमचे दोन डॉक्टर भांडत नाहीयेत, एकच आकडा दोन मापांनी वाचतायत.

लॅबला फोन करून '५ चौ. मिमीत किती' एवढंच लेखी मागा. ऑपरेशनमध्ये गाठ फुटली नव्हती ना, हे सर्जनना विचारा. फुटली असेल तर सगळं गणित बदलतं. गोळी सुरू करायची ठरलीच तर आधी जनुक चाचणी करा. जठरातल्या काही जिस्टमध्ये पीडीजीएफआरए या जनुकात डी८४२व्ही नावाचा बदल असतो, त्यावर इमॅटिनिब चालत नाही. उगाच तीन वर्षं गोळ्या गिळायच्या कशाला?

प्रतिसाद २

माझ्या आईची हीच गोळी तिसऱ्या वर्षात आहे. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगलेलं असतं, मळमळ होते. भरपेट जेवून मोठा ग्लासभर पाणी पिऊन घेतली की त्रास कमी. आम्ही स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) परळला टाटा मेमोरियलमध्ये दुसऱ्या मतासाठी दिले होते. ब्लॉक हरवू नका, जनुक चाचणी त्यावरच होते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. लॅबवाल्यांशी बोलले, स्लाइड पुन्हा मोजून सोमवारी कळवतो म्हणाले. सर्जन म्हणाले गाठ अख्खी निघाली, फुटली नाही. काकीला साखरेचं समजावलं, तर म्हणाली "मग तसं लिहायचं ना त्यांनी!" तिचंही खरंच आहे म्हणा.

ब्लॉक आणलाय. काडेपेटीपेक्षा छोटा, प्लॅस्टिकच्या जाळीत बसवलेला मेणाचा तुकडा, आत करड्या रंगाचा ठिपका. काकीने तो फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवलाय. चालेल ना? आणि परळला नेताना एसटीत तासन्‌तास पर्समध्ये राहिला तर मेण वितळायचं नाही ना?

प्रतिसाद १

फ्रिजची गरज नाही, कपाटात ठेवा. पर्समध्ये चालेल, फक्त बस उन्हात उभी असेल तेव्हा खिडकीशी ठेवू नका. आणि स्लाइडचा डबा वेगळा न्या, काचा फुटतात.